करिंथचे मंदिर आणि आजचा वजनकाटा

करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात पौलाने विश्वासणाऱ्याच्या देहाला पवित्र आत्म्याचे मंदिर म्हटले आहे. गेल्या साठ-सत्तर वर्षांत या एका वचनावर एक अख्खी शिकवण उभी राहिली. ती थोडक्यात अशी : मंदिर स्वच्छ आणि देखणे ठेवायचे असते, म्हणून सडपातळ, घट्ट, काटक देह हा जिवंत विश्वासाचा पुरावा होय, सुटलेले पोट हे असंयमाचे, पर्यायाने पापाचे लक्षण होय. अमेरिकेत या शिकवणीची पुस्तके लाखांनी खपली. मोबाइलवरच्या उपदेशांतून ती आता मराठी मंडळ्यांतही पोहोचली आहे. बाळंतपणानंतर अंगाने भरलेल्या बाईला, लग्न जमत नसलेल्या जाडसर मुलीला, व्यायामशाळेत न जाणाऱ्या तरुणाला तेच वचन ऐकवले जाते. ऐकवणाऱ्याचा हेतू बहुधा चांगला असतो. ऐकणाऱ्याच्या मनात मात्र एवढेच उरते, की नातेवाईक ज्या नजरेने आपल्याकडे पाहतात त्याच नजरेने देवही पाहतो. या शिकवणीला शास्त्राचा आधार नाही, असे माझे म्हणणे आहे. आणि ज्या वचनांवर ती उभी आहे ती वचनेच तिच्याविरुद्ध साक्ष देतात.

पण आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडला पाहिजे. १९५७ मध्ये चार्ली शेड या अमेरिकन प्रेस्बिटेरियन पाळकाचे ‘प्रे युअर वेट अवे’ हे पुस्तक आले. जास्तीची चरबी म्हणजे काट्यावर तोलता येणारे पाप, असा त्याचा रोख होता. १९८६ मध्ये ग्वेन शॅम्ब्लिन यांनी टेनेसी राज्यात ‘वे डाउन वर्कशॉप’ सुरू केले. अन्नाची अनावर ओढ ही मूर्तिपूजा आहे, ती ओढ देवाकडे वळवली की वजन आपोआप उतरेल, असे त्या शिकवत. पुढे त्यांनी स्वतःची वेगळी मंडळीच स्थापन केली. २०११ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅडलबॅक चर्चचे पाळक रिक वॉरन यांनी ‘डॅनियल प्लॅन’ आणला. वॉरन यांची भाषा पुष्कळ सौम्य आहे, आणि एकमेकांच्या आधाराने खाण्या-चालण्याच्या सवयी सुधाराव्यात हा त्यांचा आग्रह चांगलाच आहे. तरीही मंदिराचे वचन आणि दानीएलचे नाव त्यांनाही लागतेच.

या पक्षाला जुने पाठबळही आहे. पौल स्वतःला धावपटूची आणि मुष्टियोद्ध्याची उपमा देतो, देहाला ताब्यात ठेवण्याची भाषा करतो. कार्थेजच्या तर्तुलियनने उपवासावरच्या आपल्या पुस्तकात तर लिहून ठेवले आहे, की तारणाच्या अरुंद दारातून बारीक देह सहज आत शिरेल आणि हलका देह पुनरुत्थानाच्या वेळी लवकर उठेल. एकोणिसाव्या शतकात चार्ल्स किंग्जली आणि ‘टॉम ब्राउन्स स्कूल डेज’चे लेखक टॉमस ह्यूज यांनी बलवान शरीर हे ख्रिस्ती पुरुषाचे भूषण मानले. १८४४ मध्ये लंडनला निघालेल्या वायएमसीएने आत्मा, मन आणि शरीर असा त्रिकोण पुढे आपल्या बोधचिन्हातच घेतला. हे सगळे एकत्र केले, की पूर्वपक्ष सहज मोडण्यासारखा राहत नाही.

आता मूळ वचनाकडे जाऊ. करिंथमध्ये काही सुशिक्षित विश्वासणारे असे म्हणत होते, की अन्न पोटासाठी आणि पोट अन्नासाठी, दोन्ही शेवटी नाहीसे होणार. मग देहाने काय केले याला काय महत्त्व? याच तर्काने ते वेश्यागमनाचेही समर्थन करत. पौलाचे उत्तर असे, की देह टाकाऊ नाही, तो प्रभूचा आहे, तो उठवला जाणार आहे. मंदिराची उपमा या युक्तिवादाच्या शेवटी येते. देहाच्या आकाराचा, वजनाचा, बळाचा तिथे उल्लेखही नाही. शिवाय मंदिराचे पावित्र्य त्याच्या बांधणीतून येत नाही, आत कोण राहतो यातून येते, हे यहूदी घरात वाढलेल्या पौलाला वेगळे सांगावे लागत नव्हते. आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. याच पत्राच्या तिसऱ्या अध्यायात पौलाने संपूर्ण मंडळीलाच देवाचे मंदिर म्हटले आहे, आणि ते मंदिर उद्ध्वस्त कशाने होते तर फुटीने, गटबाजीने. म्हणजे हे मंदिर एकट्याचे कधीच नव्हते. व्यायामशाळेच्या भिंतीवर ते वचन एकट्या आरशासमोर उभ्या असलेल्या माणसासाठी लिहिले जाते, तिथेच त्याचा अर्थ निसटतो.

पौलाला खाण्याविषयी काहीच म्हणायचे नव्हते असे नाही. याच पत्रात खाण्यावर त्याने जितके लिहिले तितके क्वचितच कुठे असेल. आठव्या अध्यायापासून मूर्तीला दाखवलेल्या नैवेद्याच्या मांसाचा प्रश्न आहे. पौल म्हणतो, ते खायला हरकत नाही, पण दुबळ्या मनाच्या भावाला त्याने ठेच लागत असेल तर मी मांस सोडीन. अकराव्या अध्यायात त्याचा राग उफाळून येतो. प्रभुभोजनासाठी मंडळी जमते तेव्हा सधन लोक आपले आणलेले आधीच खाऊन घेतात, कोणी तर झिंगतो, आणि ज्यांच्याकडे काही नाही ते उपाशी बसून राहतात, लाजतात. पौलाच्या लेखी हा ख्रिस्ताच्या देहाचा अपमान आहे. कोणाचे पोट किती सुटले याची त्याला फिकीर नाही. शेजारी कोण उपाशी राहिला, याची आहे.

धावपटूची उपमाही याच संदर्भात, आठव्या आणि अकराव्या अध्यायांच्या मध्ये, येते. करिंथपासून जवळच इस्थमिया येथे दर दोन वर्षांनी खेळांचा मोठा मेळा भरे, त्यामुळे ती उपमा तिथल्या प्रत्येकाला कळणारी होती. पण पौल तिथे सांगतो काय? प्रेषित म्हणून मंडळीकडून पोटापाण्याची सोय करून घेण्याचा आपल्याला हक्क आहे, तरी तो आपण सोडला, इतरांसाठी आपण सर्वांचे दास झालो, हे सांगता सांगता तो धावपटूवर येतो. त्याचा संयम म्हणजे स्वतःच्या हक्कावर सोडलेले पाणी. खेळाडू ज्या मुकुटासाठी झिजतो तो नाशवंत असतो, असेही तो म्हणतो. देह कमावण्याच्या बाजूने हा उतारा उभा करायचा असेल, तर त्याचा अर्धा भाग झाकावा लागतो.

दानीएलचे उदाहरण मला सगळ्यांत बोलके वाटते, कारण आज त्याच्याच नावाने उपवास चालतो. पहिल्या अध्यायात बाबेलच्या राजवाड्यात दानीएल आणि त्याचे तीन मित्र राजाच्या ताटातले मांस आणि द्राक्षारस नाकारतात. आरोग्य हे त्याचे कारण नव्हते. त्या अन्नाने आपण विटाळू, हे कारण होते. दहा दिवस ते कडधान्य आणि पाण्यावर राहतात. दहा दिवसांनी कारभारी पाहतो तेव्हा ते राजाच्या ताटातले खाणाऱ्या सगळ्या तरुणांपेक्षा अंगाने अधिक भरलेले दिसतात. शास्त्राने ही देवाच्या कृपेची खूण म्हणून नोंदवली आहे. वजन उतरवण्याच्या योजनेला ज्याचे नाव दिले, तो दानीएल मूळ कथेत अंगाने भरतो. दुसरा दाखला दहाव्या अध्यायातला, तीन आठवड्यांचा. आज अनेक मंडळ्यांत जानेवारीत एकवीस दिवसांचा उपवास होतो तो त्यावरूनच. तिथे दानीएल शोक करतो आहे. आपल्या लोकांच्या दुःखाने त्याने चांगलेचुंगले खाणे, मांस आणि द्राक्षारस सोडले आहे. त्या शोकाचा एकवीस दिवसांच्या आहारतक्त्यात मागमूस राहत नाही.

परंपरेचे काय? तर्तुलियनचे ते वाक्य खरे आहे, मी ते नाकारत नाही. पण ते त्याने कडक उपवासांच्या माँतानुसपंथाकडे वळल्यावर लिहिले. त्या पुस्तकात तो सर्वसाधारण मंडळीशी भांडतो आहे, कारण त्या मंडळीने त्याच्या पंथाचे जादा उपवास मानायला नकार दिला होता. म्हणजे मंडळीने हे मत ऐकले होते आणि ते स्वीकारले नव्हते. शिवाय त्याच उताऱ्यात तो अंग कमावून जाड होणे ऑलिंपिकच्या मल्लांवर सोडून देतो. त्याचा कृश देह हा हुतात्म्याचा आहे, खेळाडूचा नाही. आजच्या शिकवणीला कृशताही हवी आणि स्नायूही हवेत. तर्तुलियन तिच्या अर्ध्याच कामाचा.

खादाडपणाचे पाप परंपरेने कसे समजून घेतले, हे पाहिले तर पूर्वपक्षाची जमीनच सरकते. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहिलेल्या इव्हाग्रियसने माणसाला ग्रासणाऱ्या आठ विचारांची यादी केली. त्यात पहिला खादाडपणा. त्याचे वर्णन करताना तो मेजवानीचे चित्र काढत नाही. तो सांगतो, हा विचार संन्याशाच्या मनात येतो तेव्हा पोटाची, यकृताची, प्लीहेची चिंता दाखवतो, लांबणाऱ्या आजाराची भीती घालतो, जवळ वैद्य नाही याची आठवण करून देतो. देहाविषयीच्या अखंड काळजीलाच त्याने खादाडपणा म्हटले. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप झालेल्या ग्रेगरीने ईयोबाच्या पुस्तकावरील आपल्या भाष्यात या पापाचे पाच प्रकार सांगितले : वेळेआधी खाणे, भारी पदार्थांचा हट्ट, नखरेल तयारीचा हट्ट, प्रमाणाबाहेर खाणे, हावरेपणाने खाणे. पाचांपैकी एकच प्रमाणाशी संबंधित आहे, आणि वजनाशी तर एकही नाही. ग्रेगरी दाखला देतो तो एसावाचा. एसावाने वडीलपणाचा हक्क मसुरीच्या आमटीसाठी विकला. उलट एलीयाने मांस खाल्ले आणि त्याला दोष लागला नाही. ही कसोटी आज लावली तर प्रत्येक घासाचे उष्मांक मोजणारा, यजमानाच्या घरी आपल्या आहाराच्या अटी सांगून चार जणींना स्वयंपाकघरात धावायला लावणारा, रात्रंदिवस स्वतःच्या पोटाचाच विचार करणारा सडसडीत माणूस ग्रेगरीच्या लेखी खादाडच ठरेल. साधे वरण-भात दोनदा घेऊन समाधानाने उठणारी जाड बाई कदाचित ठरणार नाही.

इथे कोणी सिएनाच्या कॅथरीनकडे बोट दाखवील. १३८० मध्ये वयाच्या तेहतिसाव्या वर्षी ती वारली, आणि तिच्या मृत्यूला तिच्या उपासांनी हातभार लावला. तिचे उपास पाहून तिचे धर्मगुरूही अस्वस्थ होते. आज त्याचे कोणी अनुकरण करावे असे मी म्हणणार नाही. अन्न नाकारण्याचा आजार झालेल्या मुलीला डॉक्टरची गरज असते, संतचरित्राची नाही. तरीही कॅरोलाइन वॉकर बायनम या इतिहासकार विदुषीने १९८७ मध्ये मध्ययुगीन स्त्रियांच्या उपवासांवर लिहिलेल्या ग्रंथात दाखवून दिले, की या स्त्रियांच्या जीवनात न खाणे आणि खाऊ घालणे ही जोडी होती. कॅथरीन बापाच्या घरातले धान्य आणि कपडे गरिबांना वाटत असे. आजच्या आहारतक्त्यात त्या जोडीतला दुसरा अर्धा कुठे आहे?

किंग्जली आणि वायएमसीएच्या वाटेचे मी फार खंडन करणार नाही, कारण त्यातून पुष्कळ चांगले निघाले. १८९१ च्या हिवाळ्यात स्प्रिंगफिल्डच्या वायएमसीए प्रशिक्षण शाळेत जेम्स नेस्मिथने बास्केटबॉल शोधला, तो धसमुसळेपणा टाळून आत खेळता येईल असा खेळ हवा म्हणून. १९२० मध्ये हॅरी बक यांनी मद्रासला वायएमसीएचे शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू केले, त्यातून भारतातल्या शाळांना क्रीडाशिक्षक मिळाले. खेळ हा आनंद आहे, आणि आनंदाला समर्थन लागत नाही. अडचण येते ती बळ हीच सद्‍गुणाची खूण मानली जाते तेव्हा. या परंपरेतला सर्वांत थोर खेळाडू एरिक लिडेल १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रविवारी येणाऱ्या शंभर मीटरच्या प्राथमिक फेरीत धावला नाही, मग चारशे मीटरची शर्यत त्याने ४७.६ सेकंदांत जिंकली. पुढे तो चीनमध्ये मिशनरी झाला आणि १९४५ मध्ये जपान्यांच्या नजरकैदेत, वेइश्येनच्या छावणीत, मेंदूतल्या गाठीने गेला. छावणीतल्या मुलांना शिकवणारा, त्यांच्यासाठी खेळ भरवणारा हा माणूस शेवटच्या आठवड्यांत आजाराने खचला होता. त्याचा देह तेव्हा मंदिर राहिला नव्हता, असे म्हणायला कोणी धजेल का?

आता वैद्यकाचा मुद्दा. सडपातळ म्हणजे निरोगी, हे गृहीतक आपल्या मातीत तर मुळीच टिकत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या गावांतल्या गरोदर स्त्रियांचा आणि बाळांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. तिथल्या नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, इंग्लंडमधल्या साऊथॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपले बाळ लहान, स्नायू कमी, पण चरबी त्या मानाने टिकून राहिलेली. पोटात असताना नीट पोषण न मिळाल्याची ही खूण पुढे मधुमेहाच्या रूपाने उमटते. म्हणजे चाळिशीत ज्याचे पोट सुटले आणि साखर वाढली त्या माणसाच्या देहात त्याच्या आईची, कदाचित आजीचीही, उपासमार लिहिलेली असू शकते. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशू तो प्रश्नच बाद करतो. जाड माणसाकडे पाहून तोच प्रश्न पुन्हा विचारणारा उपदेशक कोणाच्या बाजूला उभा आहे, हे त्याने तपासावे.

एक आक्षेप उरतो : मग देह कसाही असला तरी चालतो, असे म्हणून तुम्ही त्या जुन्या देहद्वेषाकडेच नाही का जात? नाही. देह तुच्छ मानणारे ज्ञानवादी पंथ दुसऱ्या शतकातच होते, आणि आयरेनियसने त्यांच्याविरुद्ध मोठा ग्रंथ लिहिला. चौथ्या शतकात गांग्रा येथे भरलेल्या धर्मसभेने विवाहाला आणि मांसाहाराला धिक्कारणाऱ्यांना मंडळीबाहेर ठरवले. चालावे, धावावे, मधुमेह असेल तर डॉक्टर सांगतील तसे खावे. देहाची काळजी घेणे हे शहाणपण आहे. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात शारीरिक व्यायामाला थोडा उपयोग मान्य केला आहे, आणि मला तेवढा पुरतो. माझा विरोध आहे तो त्या व्यायामाला पवित्रतेचा शिक्का मारण्याला.

इथे ऑगस्टिनचा एक उतारा मला अडचणीत टाकतो, तो लपवणार नाही. ‘देवाचे नगर’च्या बाविसाव्या पुस्तकात तो म्हणतो, की जाड आणि कृश माणसांनी घाबरू नये, पुनरुत्थानात त्यांना नकोसा वाटणारा आकार राहणार नाही. म्हणजे सुडौलपणाची त्याच्या काळची कल्पना त्याने स्वर्गातही नेली. पण त्याच अध्यायात तो हुतात्म्यांच्या जखमांकडे येतो आणि म्हणतो, त्या राहतील, आणि त्यांना कोणी कुरूप म्हणणार नाही. हे दुसरे वाक्य शुभवर्तमानाच्या जवळचे आहे. पुनरुत्थित येशू थोमाला ओळख पटवतो ती हातांतले व्रण आणि कुशीतली जखम दाखवून. यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायातला दुःख भोगणारा सेवक, ज्याच्यात ख्रिस्ती लोक येशूला पाहतात, त्याला रूप नाही, डौल नाही. आणि जिवंतपणी येशूवर आरोप होता तो खादाड आणि दारुड्या असल्याचा. त्याच्या नावाने आरशासमोर उभे राहणाऱ्याने हे तिन्ही एकदम डोळ्यांपुढे ठेवावे.

मंडनासाठी मला नवीन काही शोधायची गरज नाही. यशयाचा अठ्ठावन्नावा अध्याय देवाला कोणता उपवास आवडतो ते सांगतो : भुकेल्याला आपली भाकरी वाटून देणे, बेघराला घरात घेणे, उघड्याला पांघरूण घालणे. दुसऱ्या शतकात रोममध्ये लिहिलेल्या ‘हर्मासचा मेंढपाळ’ या पुस्तकात उपवासाचा हिशेबच दिला आहे. त्या दिवशी फक्त भाकर आणि पाणी घ्यावे, एरवी जेवणाला जो खर्च आला असता तो मोजावा, आणि ती रक्कम विधवेला, अनाथाला किंवा गरजवंताला द्यावी. अथेन्सच्या अरिस्तिदेसने सम्राटापुढे मांडलेल्या कैफियतीत ख्रिस्ती लोकांची ओळख अशी सांगितली, की त्यांच्यात कोणी गरीब असेल आणि देण्याजोगे जादा अन्न नसेल, तर ते दोन-तीन दिवस स्वतः उपाशी राहतात आणि त्याची गरज भागवतात. सुरुवातीच्या मंडळीत उपवासाने घटणारी गोष्ट दुसऱ्याची भूक होती. आपल्याकडे हेच पंडिता रमाबाईंनी केले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या, हाडांचे सापळे झालेल्या मुली-बायका बरोबर घेऊन आल्या आणि केडगावला त्यांच्या देहांत पुन्हा जीव भरला. त्या काळी तिथल्या मुलीच्या अंगावर चढणारे मांस ही कृपेची खूण होती, अगदी दानीएलच्या अंगावरच्यासारखी.

म्हणून माझी मागणी साधी आहे. मंदिराचे वचन कोणाच्याही देहाच्या आकारावर चालवू नये, विशेषतः तरुण मुलींवर. जानेवारीत एकवीस दिवसांचा उपवास करणाऱ्या मंडळ्यांनी कोणाचे वजन किती उतरले याची नोंद ठेवणे बंद करावे आणि हर्मासचा हिशेब सुरू करावा : प्रत्येक घराने रोज वाचलेले पैसे बाजूला ठेवावेत, एकविसाव्या दिवशी ते एकत्र करावेत, आणि मंडळीच्या आसपास राहणाऱ्या, पुरेसे खायला न मिळणाऱ्या गरोदर बायकांच्या दुधा-अंड्यांसाठी, डाळी-शेंगदाण्यांसाठी बाळंतपणापर्यंत द्यावेत, मग त्या बायका कोणत्याही धर्माच्या असोत.